नवापूरचे स्टेशन कोणत्या कप्प्यात ठेवायचे?

सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर नवापूर हे स्टेशन लागते. स्टेशन एकच, पण त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही भाग गुजरातेत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाक असे आहे की त्यावर दोघे शेजारी बसले तर एक या राज्यात असतो आणि दुसरा त्या. यात रेल्वेचा काही दोष नाही. स्टेशन आधीपासून होते, राज्यांची सीमा १ मे १९६० ला त्याच्यामधून गेली.

हे स्टेशन मला आठवते ते एका वेगळ्याच कारणाने. काही वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेत 'आपला परिसर' या विषयावर संकेतस्थळ करायचे ठरले. आठवी-नववीच्या मुलांनी वर्षभर माहिती गोळा केली होती. कोणी गावातल्या विहिरींची मोजदाद केली होती, कोणी मोहाच्या फुलांबद्दल आजीला विचारून लिहिले होते. पावरी, मावची आणि अहिराणी या तिन्ही बोलींतली पिकांची नावे एकापुढे एक मांडलेल्या वह्या होत्या. साहित्य खरोखर चांगले होते. मला बोलावले होते ते फक्त 'शास्त्रीय मजकूर तपासायला'.

गेलो तेव्हा संगणकावर मुखपृष्ठ तयार होते. वर सातपुड्याचे चित्र, खाली आठ रंगीत बटणे : इतिहास, भूगोल, समाजजीवन, वनसंपदा, शेती, दळणवळण, सण-उत्सव, संकीर्ण. बटणे आधी तयार झाली होती आणि मग मजकूर त्यांत बसवायला घेतला होता. नवापूरच्या स्टेशनवर लिहिणाऱ्या मुलीने विचारले, "सर, हे दळणवळणात टाकू की भूगोलात? सीमेची गोष्ट तर इतिहासाची आहे." शिक्षकांनी थोडा विचार करून सांगितले, "सध्या संकीर्णमध्ये टाक."

चार महिन्यांनी 'संकीर्ण' मध्ये एकतीस पाने झाली होती आणि बाकीच्या सात बटणांखाली मिळून अकरा. त्यांतल्या तीन बटणांवर 'लवकरच येत आहे' अशी पाटी होती. पुढच्या वर्षी ते शिक्षक बदलून गेले. नव्या शिक्षकांना मोहाच्या फुलांचे पान सापडले नाही म्हणून त्यांनी मुलांकडून ते पुन्हा लिहून घेतले. पहिले पान तिथेच होते, एकतीस पानांच्या ढिगात.

या चुकीत नवे काही नाही. संगणक नव्हता तेव्हाही ज्यांनी ज्यांनी मोठा ज्ञानसाठा रचायला घेतला त्यांच्यापुढे हाच प्रश्न आला : लिहायला सुरुवात करण्यापूर्वी काय ठरवायचे? मराठीत या प्रश्नाशी दोनदा मोठी झुंज झाली. त्या झुंजीची गोष्ट आपल्या शाळेच्या संकेतस्थळाला फार उपयोगी आहे असे माझे मत आहे.

पहिली झुंज श्रीधर व्यंकटेश केतकरांची. केतकर (१८८४–१९३७) अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९१२ मध्ये भारतात परतले आणि काही वर्षांतच महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या उद्योगाला लागले. काम नागपुरात सुरू झाले, मग पुण्याला आले. एकूण तेवीस खंड. आज आपल्याला जी गोष्ट पाहायची ती खंडांची संख्या नाही, त्यांची रचना आहे. पहिले पाच खंड अकारविल्हे नाहीतच. ते प्रस्तावनाखंड : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. हे सलग वाचायचे ग्रंथ आहेत. त्यानंतर अकारविल्हे नोंदींचे खंड येतात आणि मग एक अख्खा खंड नुसत्या सूचीचा.

म्हणजे केतकरांनी एकाच साठ्याला तीन दरवाजे ठेवले. ज्याला विषय समजून घ्यायचा आहे त्याने पहिल्या दरवाजाने यावे. ज्याला शब्द माहीत आहे आणि त्याची माहिती हवी आहे त्याने अक्षराच्या दरवाजाने यावे. आणि ज्याला नोंदीचे नाव माहीत नाही, पण त्या नोंदीच्या पोटात दडलेली एखादी गोष्ट शोधायची आहे, त्याच्यासाठी सूची. पुष्कळजण केतकरांच्या पाच प्रस्तावनाखंडांना 'भलतेच लांबलेली प्रस्तावना' म्हणतात. मला तसे वाटत नाही. वाचणारे आणि शोधणारे ही दोन वेगळी माणसे आहेत, किंवा एकच माणूस दोन वेगळ्या वेळी, हे त्यांनी ओळखले होते. शाळेच्या मुखपृष्ठावरची आठ बटणे यांपैकी कोणासाठी होती? खरे सांगायचे तर कोणासाठीच नाही. ती शाळेच्या वेळापत्रकावरून आली होती.

दुसरी गोष्ट आपल्या भागाला अधिक जवळची आहे. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी पिंपळनेरला झाला. पिंपळनेर साक्री तालुक्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या शेजारी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, शास्त्रीबुवा त्याचे अध्यक्ष झाले आणि वाईला विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला खंड मात्र निघाला १९७६ मध्ये!

मधल्या सोळा वर्षांत काय चालले होते? त्या काळात वर्तमानपत्रांतून यावर टीकाही झाली, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या कामाला ती सोसावीच लागते. पण त्या वर्षांतले दोन टप्पे पाहा. १९६५ मध्ये विश्वकोशाचा परिचय देणारा ग्रंथ निघाला. विषय कोणते, त्यांची विभागणी कशी, कोणती नोंद मोठी आणि कोणती चार ओळींची, हा विचार त्या टप्प्यातला. मग १९७३ मध्ये परिभाषासंग्रह निघाला, म्हणजे कोणत्या इंग्रजी संज्ञेला मराठीत कोणता शब्द वापरायचा याचा कोश. मजकुराचा पहिला खंड बाहेर येण्याच्या तीन वर्षे आधी शब्दांचा खंड!

हा क्रम उलटा वाटतो, पण अकारविल्हे रचनेत तो टाळता येत नाही. एक उदाहरण घेऊ. ज्या वायूवर आपण जगतो त्याला तुम्ही 'ऑक्सिजन' म्हणणार की 'प्राणवायू'? एका शब्दाने तो पहिल्या काही खंडांत येतो, दुसऱ्याने पुष्कळ पुढच्या खंडात. छापील कोशात या दोन अक्षरांमध्ये काही वर्षांचे अंतर असते. 'ऑ'चा खंड छापून गेला, मग कोणीतरी 'प्राणवायू'वर लेख लिहून आणला, की एकच वायू कोशात दोनदा आला. किंवा 'ऑ'च्या वेळी वाटले की पुढे 'प'मध्ये घेऊ आणि 'प'च्या वेळी वाटले की मागे झाला असेल, की मग तो कुठेच नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचे काय करायचे हाही असाच प्रश्न. ती जोडाक्षरे मानून 'क' आणि 'ज'मध्ये घालायची, की बाराखडीच्या शेवटी ठेवायची? दोन्ही बाजूंनी चांगली कारणे आहेत. पण पहिली चिठ्ठी लावण्यापूर्वी एकच बाजू घ्यावी लागते.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण म्हणजे धडगाव. तालुक्याचे नाव अक्राणी, मुख्यालय धडगाव, आणि बोलताना लोक दोन्ही नावे वापरतात. शाळेच्या संकेतस्थळावर मुलांनी 'अक्राणी तालुका' आणि 'धडगाव तालुका' अशी दोन पाने केली होती. दोन्ही चांगली होती, दोन्हींत अर्धी अर्धी माहिती होती. कोशकार अशा वेळी एका नावाखाली मजकूर ठेवतात आणि दुसऱ्या नावाखाली फक्त एवढेच लिहितात : 'पहा : अक्राणी'. विश्वकोश उघडून पाहिलात तर नोंदींच्या शेवटी असे 'पहा' दिसतील आणि मजकुरात काही शब्दांआधी बारीक बाण दिसतील. बाण म्हणजे या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे. आज संगणकाच्या पडद्यावर निळ्या अक्षरांवर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. तो निळा शब्द आणि हा बाण यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही. फक्त बाणाच्या वेळी उठून कपाटातून दुसरा खंड काढावा लागे.

फ्रान्समध्ये १७५१ पासून दिदरो आणि दालांबेर यांनी काढलेल्या प्रसिद्ध विश्वकोशातही हीच युक्ती होती. ग्रंथाच्या सुरुवातीला मानवी ज्ञानाचा वृक्ष दिला होता, नोंदी अकारविल्हे होत्या, आणि एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवलेले असे. दिदरोने या बोटांचा उपयोग खोडसाळपणेही केला. नरभक्षणाच्या नोंदीतून वाचकाला ख्रिस्ती धर्मविधींच्या नोंदींकडे पाठवले होते. जे मजकुरात लिहिता येत नव्हते ते त्याने दुव्यातून सांगितले! दुवा हासुद्धा मजकूर असतो, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

झाड आणि जाळे

आता थोडे गणित. समजा आपल्याकडे चाळीस पाने आहेत. ती झाडासारखी रचली, म्हणजे प्रत्येक पानाला वरचे एकच पान, तर एकूण जोडण्या एकोणचाळीस होतात. पाने कितीही असोत, झाडात जोडण्या नेहमी एकने कमी. झाडाचा मोठा गुण असा की प्रत्येक पानाला एक नेमकी जागा मिळते आणि तिथे पोचायचा एकच रस्ता असतो. प्रत्येक पातळीवर आठ फांद्या ठेवल्या तर तीन पायऱ्यांत ८ × ८ × ८ म्हणजे ५१२ पानांपर्यंत पोचता येते. प्रत्येक वेळी दोनच फांद्या ठेवल्या तर तेवढ्याच पानांसाठी नऊ पायऱ्या लागतात. म्हणून फांद्या फार कमी नकोत. फार जास्तही नकोत, कारण पडद्यावर साठ नावांची यादी कोणी वाचत नाही.

पण झाडात नवापूरचे स्टेशन बसत नाही. एका पानाला तिथे दोन पालक असू शकत नाहीत. चाळीस पाने हवी तशी एकमेकांना जोडायची म्हटली तर जास्तीत जास्त (४० × ३९) ÷ २ म्हणजे ७८० जोडण्या संभवतात. एका टोकाला ३९, दुसऱ्या टोकाला ७८०. सगळ्या जोडल्या तर वाचकाला दिशाच राहत नाही. आराखडा करणे म्हणजे या दोन संख्यांमध्ये कुठे थांबायचे आणि कोणत्या जोड्या निवडायच्या हे ठरवणे.

ज्या माणसाने वेब निर्माण केले त्याची सुरुवातही याच प्रश्नापासून झाली. टिम बर्नर्स-ली जिनीव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे हजारो माणसे येत, दोन-चार वर्षे राहून जात, आणि जाताना माहितीही त्यांच्याबरोबर जाई. (आपल्या शाळेत शिक्षक बदलून गेल्यावर झाले तेच.) मार्च १९८९ मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण दिले. त्यात माहिती झाडाच्या आकारात ठेवण्याच्या पद्धतीवर स्पष्ट टीका आहे. झाडाने प्रत्येक गोष्टीला एकमेव नाव मिळते हे खरे, पण प्रत्यक्ष जग झाडासारखे नाही, असा त्यांचा मुद्दा होता. नुसत्या शब्दांनी शोधण्यातही अडचण त्यांनी दाखवली : दोन माणसे एकाच गोष्टीसाठी सहसा एकच शब्द निवडत नाहीत. धडगाव आणि अक्राणी! वरिष्ठांनी टिपणावर 'धूसर, पण रोमांचक' अशा अर्थाचा शेरा मारला. त्यातूनच पुढे दोन वर्षांत पहिले संकेतस्थळ उभे राहिले.

क्रमांकात काय लिहायचे

इथपर्यंत जागेचा प्रश्न झाला. याहून अवघड प्रश्न काळाचा आहे, आणि नंदुरबारकरांना तो दुसऱ्या कोणापेक्षा जास्त समजावा.

विश्वकोशाचा 'न'चा खंड निघाला तेव्हा नंदुरबार जिल्हा अस्तित्वात नव्हता. नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांचा नवा जिल्हा झाला. छापलेला खंड उघडून त्यात जिल्हा घालता येत नाही. अकारविल्हे कोशाची ही मर्यादाच आहे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. 'अ'पासून निघून शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो जगाची एकोणचाळीस वर्षे गेली. संकेतस्थळाला ही अडचण नाही, तिथे पान केव्हाही दुरुस्त करता येते, असे आपण म्हणू. खरे आहे. पण पानाच्या पत्त्याचे काय?

पत्ता म्हणजे काय ते पिन कोडवरून पाहू. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे सहा आकडी पिन कोड आहे. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे कवीही होते. पिनमधला प्रत्येक आकडा अर्थपूर्ण आहे. पहिला आकडा देशाचा विभाग, पहिले दोन मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. हे शुद्ध झाड आहे. वर्गात मुलांना आता तीन पिन कोड फळ्यावर लिहायला सांगा : धुळे ४२४००१, जळगाव ४२५००१, नंदुरबार ४२५४१२. पिन आला तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होते, तरी त्याचे पहिले तीन आकडे जळगावचे आहेत! असे का? रेल्वेचा नकाशा समोर ठेवला तर माझा अंदाज पटेल. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारची गाडी सरळ जळगावला जाते, धुळ्याला नाही. ज्याला थैल्या वाहायच्या त्याच्या सोयीने झाड लावले होते, कलेक्टर कचेरीच्या सोयीने नाही. आणि म्हणूनच १९९८ मध्ये जिल्हा बदलला तरी नंदुरबारच्या पिनला धक्का लागला नाही. पिनच्या आराखड्याची ही फार मोठी शहाणी गोष्ट आहे : वर्गीकरण कोणाच्या कामासाठी आहे हे आधी ठरवले होते.

दुसरे टोक पाहायचे तर शहादा तालुक्यातल्या टेंभलीला जावे लागेल. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच गावात दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, गाव एका दिवसात देशाच्या नकाशावर आले. त्या समारंभाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला रस आहे तो त्या क्रमांकाच्या बांधणीत.

आधार क्रमांक बारा आकडी आहे. त्यातून माणसाचे राज्य कळत नाही, जिल्हा कळत नाही, स्त्री की पुरुष कळत नाही, जन्मवर्ष कळत नाही. हे विसरून राहिलेले नाही, मुद्दाम केलेले आहे. माणूस टेंभलीहून सुरतेला ऊसतोडीला किंवा कारखान्यात गेला आणि तिथेच राहिला तर राज्य बदलते. जिल्हे फुटतात. जे बदलू शकते ते क्रमांकात लिहिले की एक दिवस क्रमांक खोटे बोलू लागतो. म्हणून पहिले अकरा आकडे कसलाही अर्थ नसलेले, यदृच्छेने निवडलेले. सुरुवातीला ० आणि १ घ्यायचे नाहीत असा नियम आहे, म्हणजे ८ × १०^१० इतके, आठ हजार कोटी क्रमांक शक्य होतात. बारावा आकडा तपासणीचा. तो आधीच्या अकरांवरून, जेकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने काढतात. लिहिताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर ही रीत ते हमखास पकडते.

आणखी एक गोष्ट टेंभलीच्या आधी ठरली होती : काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही. डिसेंबर २००९ मध्ये एन. विठ्ठल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नोंदवायच्या बाबींची यादी ठरवली. नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग अशा मोजक्याच बाबी. जात नाही, धर्म नाही. आधार कशाकशाला जोडावे यावरून पुढे मोठे वाद झाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मर्यादा घातल्या. ते वाद योग्यच होते. बिनअर्थाचा क्रमांक घेतला म्हणजे त्याला कोणी काही जोडणारच नाही असे होत नाही. क्रमांकाचा आराखडा आणि जोडण्यांचा आराखडा हे दोन वेगळे निर्णय आहेत.

आमच्या क्षेत्रात हा धडा जुनाच आहे. वनस्पतिसंग्रहालयात वाळवून चिकटवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या कागदाला एक साधा अनुक्रमांक असतो. त्यात वनस्पतीचे नाव गुंफत नाहीत. मोहाचेच पाहा ना. रॉक्सबर्गने त्याला बॅसिया लॅटिफोलिया म्हटले. जुन्या पुस्तकांत तो मधुका इंडिका नावानेही भेटतो. आता तो मधुका लाँगिफोलियाचा एक प्रकार मानतात. नाव बदलते तेव्हा कागदावर नवी चिठ्ठी लावतात, जुनी काढत नाहीत, आणि अनुक्रमांक तोच राहतो. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये, म्हणजे नंदुरबार जिल्हा झाला त्याच वर्षी, संकेतस्थळांच्या पत्त्यांबद्दल एक छोटा लेख लिहिला. त्यात सांगणे हेच होते : पत्ता बदलू नका, आणि बदलावा लागू नये म्हणून त्यात विषय, लेखकाचे नाव, मजकुराची सद्यःस्थिती असले काही गुंफू नका. 'धुळे/शहादा/प्रकाशा' असा पत्ता १९९७ मध्ये दिला असता तर वर्षभरात तो मोडला असता.

प्रकाशा हे गावही या दृष्टीने मजेदार आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे तीर्थक्षेत्र, म्हणून धर्म. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उघड झाली, म्हणून पुरातत्त्व. दोन नद्यांचा संगम, म्हणून भूगोल. याला एकाच बटणाखाली कोंडायचे का? आणि नर्मदेकाठच्या मणिबेलीसारखी गावे घ्या. सरदार सरोवराचे पाणी आले, माणसे उठून दुसऱ्या तालुक्यांतल्या वसाहतींत गेली. गाव एक, जागा दोन. यासाठी कोणते बटण आहे?

शाळेत पुन्हा

हे सगळे त्या शाळेतल्या शिक्षकांना मी एका बैठकीत सांगितले नव्हते. मला तरी ते तेव्हा इतके स्पष्ट कुठे होते? पण दुसऱ्या वर्षी नव्या शिक्षकांनी संगणक बंद ठेवून पुन्हा सुरुवात करायची तयारी दाखवली, आणि मग आम्ही जे केले ते कोणत्याही शाळेत करता येईल.

जाड कागदाची पोस्टकार्डाएवढी चाळीस कार्डे कापली. प्रत्येकावर एका पानाचा विषय लिहिला आणि कोपऱ्यात एक अनुक्रमांक टाकला. मग मजकूर न लिहिणाऱ्या मुलांना बोलावले, सातवीतली, दुसऱ्या तुकडीतली. त्यांच्या आयांपैकी दोघी-तिघी आल्या. प्रत्येकाला एवढेच सांगितले : जी कार्डे एकत्र असावीत असे वाटते त्यांचे गठ्ठे करा, आणि प्रत्येक गठ्ठ्याला तुमच्या शब्दांत नाव द्या. बारा जणांनी गठ्ठे केल्यावर मुलांनी एक मोठा तक्ता आखला. उभ्या आणि आडव्या बाजूला कार्डांचे क्रमांक, आणि चौकटीत ती दोन कार्डे किती जणांनी एकत्र ठेवली तो आकडा. ७८० चौकटी भरायला दोन तास गेले, पण गणिताच्या तासात मुले इतकी रंगलेली मी क्वचित पाहिली आहेत.

निकालाने आम्ही सगळेच चकित झालो. 'इतिहास' नावाचा गठ्ठा कोणी केलाच नाही. 'समाजजीवन' हा शब्द तर एकालाही सुचला नाही. बाराजणांपैकी नऊजणांनी मोहाची फुले, आठवड्याचा बाजार आणि होळी ही तीन कार्डे एकत्र ठेवली. आमच्या जुन्या रचनेत ती वनसंपदा, शेती आणि सण-उत्सव अशी तीन ठिकाणी होती. एका बाईंनी त्या गठ्ठ्याला नाव दिले 'उन्हाळा'. विचारल्यावर म्हणाल्या, "सगळं त्याच वेळी तर असतं." त्यावरून ऋतूंची एक वाट तयार झाली. गावांची एक वाट आधीच होती, आणि शेवटी अकारविल्हे सूची ठेवली. केतकरांचे तीन दरवाजे!

प्रत्येक पानाचे घर एकच, त्याचा पत्ता म्हणजे कार्डावरचा अनुक्रमांक. वाटा मात्र लागतील तितक्या. कार्डाच्या पाठीवर मुलांनी 'पहा' लिहून क्रमांक टाकले. चाळीस कार्डांवर मिळून सव्वाशेच्या आसपास 'पहा' झाले, म्हणजे ३९ पेक्षा बरेच जास्त आणि ७८० पेक्षा बरेच कमी. संगणक त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू केला.

नवापूरच्या स्टेशनचा क्रमांक १७. पाठीवर चार 'पहा' आहेत : सुरत-भुसावळ रेल्वे, १ मे १९६०, गुजराती बोलणारे शेजारी, आणि तिकीट कसे काढायचे. गुजरातकडचा भाग आज तापी जिल्ह्यात येतो, २००७ पूर्वी तो सुरत जिल्ह्यात होता. ते आतल्या मजकुरात आहे, पत्त्यात नाही.

तीन कार्डे अशी निघाली की ती कोणीच कोणत्याही गठ्ठ्यात घातली नाहीत. त्यांतले एक होते, 'पाऊस येणार हे आजी कशावरून सांगते'. त्यांना 'संकीर्ण' म्हणायचे नाही असे मुलांनीच ठरवले आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवली. दोन महिन्यांनी कोणीतरी 'माती ओल्यावर कशी ओळखायची' लिहून आणले, मग 'दूध नासणार हे कसे कळते'. लिफाफ्यात आता नऊ कार्डे आहेत. त्याला नाव काय द्यायचे यावर आठवीत अजून एकमत झालेले नाही.